नळावरची वच्छला

वच्छला, रविवारी तुझी तेरवी झाली.

रमेशनं सगळं रीतीनं केलं. नंदनवनच्या नव्या घरापुढे मांडव घातला होता. हिंगण्याच्या कारखान्यातले त्याचे सोबती पहिल्या पंगतीला बसले, कारण त्यांना दुपारच्या पाळीची बस गाठायची होती. मी मांडवाच्या कडेला एका खुर्चीवर बसून होते. वाढणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "तुमी कोन लागता त्याईच्या?" नातं असं काही नव्हतंच. तुम्ही कोष्टी, आम्ही कुणबी. तुझं माहेर उमरेडचं, माझं काटोलकडचं. म्हटलं, "शेजारीन." तिनं मान हलवली आणि वरणाची बादली घेऊन पुढे गेली.

जेवणं झाल्यावर मंडळाचे लोक बोलायला उभे राहिले. एकानं तुला थोर समाजसेविका म्हटलं. मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावून बसले, लोकांना वाटलं रडते आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, "समाजसेविका म्हंजे काय वं कमल? कडक इस्त्रीचं लुगडं लागते का त्याले?" मग कुणीतरी माझं नाव घेतलं. 'जुन्या शेजारी आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.' मी उठले नाही. माईकसमोर बोलण्यासारखं आपल्यात काही नव्हतं. जे होतं ते मोरीशी, ओट्यावर आणि नळाच्या रांगेत बोललेलं. म्हणून आता घरात बसून तुझ्याशी बोलते आहे. वही घेतली आहे समोर, पण शब्द कागदावर यायच्या आधी भिंतीकडेच बघते. सवय आहे ना.

पहिल्या बाळंतपणानंतर तान्ह्या अरुणला घेऊन मी या वस्तीत आले. यांना कचेरीत कारकुनी लागली होती आणि सक्करदऱ्याच्या अलीकडे, तुम्हा विणकरांच्या वस्तीत, दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. आमच्या गावी घरात विहीर, वावरात दुसरी. पाण्यासाठी रांग लावायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्याच सकाळी चौकातल्या नळावर गेले आणि सरळ तोटीखाली घागर धरली. तू मागून आलीस, माझी घागर उचललीस आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलीस.

"ओ बाई, इथं नंबर लागते."

"आमच्या गावात नाई लागत," मी तोऱ्यात म्हटलं.

"मंग गावातूनच भरून आनाची होती."

साऱ्या बाया हसल्या. माझा नंबर येईस्तोवर नळ गेला. मी रिकामी घागर घेऊन घरी आले आणि दार लावून रडले. दुपारी कडी वाजली. तू दारात उभी, डोक्यावर भरलेली घागर. न विचारता आत आलीस, माझ्या माठात ओतलीस आणि म्हणालीस, "नंबराचं नंबराजवळ. भिंतीतून लेकरू रडताना ऐकू आलं. तान्हं आहे हे मले मालूम नव्हतं." एवढं बोलून गेलीस. पाणी पीत नाहीस का, बसत नाहीस का, काही विचारायलाही मला वेळ दिला नाहीस.

भिंत आपली एकच होती. तिच्या पलीकडे जमिनीत खड्डा करून बसवलेला तुमचा माग. तुझे मालक विणायला बसले की दिवसभर त्याची खटखट माझ्या घरात. आधी डोकं उठायचं. मग अरुण त्याच आवाजावर झोपायला लागला. माग थांबला की तो दचकून उठायचा आणि मी भिंतीवर थाप मारायची. तू पलीकडून ओरडायचीस, "जेवून राहिले वं ते! जेवू दे त्याईले!"

आमच्याकडे वर्तमानपत्र यायचं, पण वस्तीची खरी बातमी नळावर. देवी टोचणारा माणूस कोणत्या गल्लीपर्यंत आला, मलेरियाची फवारणी कधी, राशनला साखर आली की नुसतीच येणार येणार म्हणतात, पाळणाघरातल्या बाईनं सुट्टी टाकली का. हे सारं तुला आधी ठाऊक असायचं. फवारणीवाले आले की वस्तीतल्या म्हाताऱ्या दारं लावून घ्यायच्या. तू एकेक दार वाजवून भांडी झाकून घ्यायला लावायचीस आणि त्या माणसाला म्हणायचीस, "मार भाऊ, पन देवाच्या कोनाड्यात नको मारू." तुला कुणी नेमलं नव्हतं. तुला फक्त सगळ्यांची घरं माहीत होती.

तान्ह्या पोळ्याला चौकात पोरांचे लाकडी बैल यायचे. तुझी मीरा आणि माझा अरुण एकाच दोरीनं एक बैल ओढत. तो बैल तुझ्या सासऱ्यांनी केलेला होता, त्याची शिंगं एकीकडे झुकलेली. तू सुताच्या उरलेल्या रंगीत धाग्यांची झूल करून त्याच्यावर टाकायचीस. मीराला पाटीवर फिरवायची पेन्सिल बक्षीस मिळाली होती एकदा. ती तिनं लिहायला नाही वापरली, कानावर अडकवून फिरायची, तुम्हाला सूत देणाऱ्या दुकानदारासारखी.

आता मीराचं लिहायचं आहे, आणि माझा हात थांबला आहे. आपण दोघी इतक्या वर्षांत तिच्याविषयी जवळजवळ काही बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येणं जवळपास बंदच झालं होतं. बाया देवळामागच्या जुन्या विहिरीवर जायला लागल्या. तिचा तळ दिसत होता, बादलीत गाळ यायचा. आपण फडक्यातून गाळून घेत होतो आणि स्वच्छ झालं म्हणत होतो. मीराला सकाळी उलट्या सुरू झाल्या, मग हगवण. दुपारपर्यंत पोरगी पार सुकली. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "पोटात काही ठरत नाई, पान्याचा थेंब देऊ नका." त्या काही वाईट म्हणाल्या नाहीत. त्या काळी सगळेच असं म्हणत. माझ्या आईनंही हेच सांगितलं असतं.

तुझे मालक सूत आणायला गेले होते. तुला रमेशचे दिवस भरत आले होते, म्हणून रिक्षात मीराला मी मांडीवर घेतलं. मेडिकलच्या दवाखान्यापर्यंत काय ते ऊन! रिक्षावाल्यानं डोक्याला ओला दुपट्टा बांधला होता. मीरा तुझ्याकडे बघून म्हणत होती, "आई, पानी."

"दवाखाना आला का पेऊ," तू म्हणत होतीस. "हा काय आलाच दवाखाना."

दवाखान्याच्या फाटकाशी ती मागायची थांबली. आपल्याला वाटलं, झोपली.

त्यानंतर तुझ्या घरातला माग कितीतरी दिवस बंद होता. अरुण झोपेना. मी त्याला घेऊन गल्लीत फिरायची आणि तुझ्या दारावरून जाताना पाय आपोआप हळू पडायचे. तू आत जमिनीवर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत असायचीस. विणायला कुणी बसलेलं नाही, तरी तू कांड्या भरत होतीस. त्यांचा ढीग झाला होता. मी एकदा आत येऊन तुझ्याजवळ बसले. तू एक कांडी माझ्या हातात दिलीस, धागा कसा धरायचा ते दाखवलंस, आणि आपण दोघी संध्याकाळपर्यंत भरत बसलो. मग रमेश झाला आणि त्याच्या रडण्यानं तुझं घर पुन्हा घरासारखं वाजू लागलं.

पुढच्या चैत्रात तू एकाएकी म्हणालीस, "कमल, हळदीकुंकू कराचं आहे."

"तुमच्यात करतात?"

"आमच्यात नाई करत. पन कराचं आहे. नळावर."

मला वाटलं, दुःखानं तुझं काही बिनसलं. पण तू ठरवून बसली होतीस. नळाच्या ऑफिसातले एक साहेब होते, त्यांच्या बंगल्यावर तू लुगडी विकायला जायचीस. साहेबांच्या बाईंना तुझ्या हातचे काठ आवडायचे. त्यांनाच तू आमंत्रण देऊन आलीस, आणि वेळ सांगितलीस नळ यायची, पहाट फुटायची.

त्या आल्या, बिचाऱ्या. रेशमी साडी, अंबाड्यात मोगरा, रिक्षातून उतरल्या तर समोर घागरींची रांग आणि रांगेत साऱ्या बाया नेसून-सवरून उभ्या. तू त्यांना हळदकुंकू लावलंस, हातावर अत्तराचा ठिपका दिलास, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरलीस आणि म्हणालीस, "बसा जी बाई. पन्हं करतो. कैऱ्या उकडून तयार आहेत, गूळबी आहे. पानी आलं का झालंच."

त्या पाटावर बसल्या. नळातून करंगळीएवढी धार. थोड्या वेळानं तीही गेली. सूर्य वर आला. बाईंनी पदरानं वारा घेतला. कुणी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, तसं तू आम्हाला आधीच बजावलं होतंस. सगळ्या नुसत्या त्यांच्याकडे बघून गोड हसत होतो. त्यात रांगेतल्या हरणाबाईला खोकला लागला आणि कुणालाच तिला पाणी देता येईना, तेव्हा बाई उठून नळाजवळ गेल्या. त्यांनी स्वतः तोटी फिरवून पाहिली.

"रोजच असं असतं?"

"नाई जी," तू म्हणालीस. "आज तुमी आल्या म्हून बरं चालून राहिलं."

बाई हसल्या नाहीत. परत येऊन बसल्या. कडेवरच्या रमेशचा गाल हलवून त्यांनी विचारलं, "एवढाच का?"

"हा एक," तू म्हणालीस. "अन् एक पोरगी होती."

चारचौघांत तू मीराचं एवढंच बोललेलं मी ऐकलं. त्यांनी पुढे विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. शेवटी कुणीतरी घरच्या रांजणातलं पाणी आणलं, त्यात पन्हं झालं, एका पेल्यात दोघी-दोघी प्यालो. बाईही तशाच प्याल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी रस्ता खोदायला माणसं आली. जाड नळी पडली, आणि वस्तीच्या खालच्या टोकाला दुसरा नळ आला. मी म्हणायची, हे तुझ्या पन्ह्यानं केलं. तू म्हणायचीस, "खोदाचंच असन त्याईले." खरं काय ते दोघींनाही कळलं नाही. पण दरसाल चैत्रात नळावरचं हळदीकुंकू मात्र लागून गेलं. शेजारच्या गल्ल्यांतल्या बायाही यायच्या. ज्यांना कुंकू लावता येत नाही अशा दोघी-तिघी लांब उभ्या राहायच्या. तू पन्ह्याचा पहिला पेला त्यांच्याकडे न्यायचीस, मग बाकीच्यांना. आमचे हे गेले त्या सालच्या चैत्रात मी घराबाहेर पडलेच नाही. तू पेला घेऊन माझ्या दारात आलीस. चौकातल्या साऱ्या बाया थांबून होत्या, कारण पहिला पेला अजून कुणी घेतला नव्हता. मी घेतला. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते, वच्छला, त्या दिवशी तू आली नसतीस तर मी त्या दारातून कितीतरी दिवस बाहेर आले नसते.

मधल्या एका पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. रमेश तेव्हा वरच्या इयत्तांत गेला होता. दवाखान्याच्या नर्सबाई कडुलिंबाखाली बायांची सभा घ्यायला आल्या. सतरंजी तूच घातली होतीस, पोरांना तूच हाकललं होतंस. नर्सबाईंनी स्टोव्हवर पाणी उकळून गार केलं, तांब्यात ओतलं, त्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ टाकलं. "हगवण लागली की लेकराचं पाणी बंद करू नका," त्या म्हणाल्या. "उलटी झाली तरी थोडं थांबा आणि चमच्या-चमच्यानं हेच पाजत राहा. पाण्याविनाच लेकरं जातात. आणि चव पाहूनच द्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको."

मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच समोर बघत राहिले. सभा संपली, बाया उठल्या, तू सतरंजी झटकून घडी केलीस आणि घरी गेलीस. संध्याकाळी मला राहवेना म्हणून मी आले. तू चुलीपुढे बसली होतीस, जवळ तांब्या, साखरेचा डबा, मीठ. पुन्हा पुन्हा करत होतीस आणि चाखत होतीस.

"कमल, हे चाखून पाह्य."

मी चाखलं.

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तू घरोघर निघालीस. आपली वस्ती झाली, मग नाल्यापलीकडची, मग तलावाकडची. नर्सबाई तुला सोबत नेऊ लागल्या. कुणाच्या घरी लेकरू आजारी आहे कळलं की तू हातातलं काम टाकायचीस. घरात सून तयार असायची, पण सासू ऐकायची नाही. "पोटात ठरत नाई, त पानी कायले?" मग तू त्यांच्या उंबऱ्यावर बसून राहायचीस. भांडायची नाहीस. नुसती बसायचीस, तांब्या जवळ घेऊन, सासू कंटाळेपर्यंत. कधी दुपारची संध्याकाळ व्हायची.

मी एकदा तुला म्हटलं, आणि त्यावरून आपलं सगळ्यांत मोठं भांडण झालं.

"वच्छला, तू मीराचं काहून नाई सांगत?"

"काय सांगू?"

"झालं ते. एका सासूनं ऐकलं असतं त एवढा वेळ बसा लागलं नसतं तुले."

तू पाटा धुवत होतीस.

"मीरा माह्यी आहे, कमल. तिले मी गल्लोगल्ली दाखवत फिरू का?"

"दाखवाचं नाई म्हनत मी. एखादं लेकरू वाचन."

"लेकरं वाचून राहिली. साखर-मीठ सांगतलं का वाचते."

"साऱ्याच नाई ऐकत."

"नाई ऐकत त मी बसतो त्याईच्या दारात. दिवसभर बसतो. पन तिचं नाव नाई घेनार. अन् तूबी नाई घ्याचं."

आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. भिंतीवर थाप मारली तरी ओ दिली नाहीस. मग एका दुपारी पाटवड्यांचा रस्सा घेऊन आलीस, तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. पण तो वाद संपला नाही. वर्षा-दोन वर्षांनी मी परत काढायची, तू परत तोडून टाकायचीस. माझं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. तुझंही चूक वाटत नाही. असा वाद कसा संपवतात ते मला माहीत नाही.

मग घरोघर नळ आले. पहिल्या दिवशी तू तुझ्या मोरीतली तोटी उघडत होतीस, बंद करत होतीस, परत उघडत होतीस. "मायबाई, इतलं पानी!" नळासाठी इतकी वर्षं झटलेल्या बाईनं पहिला तांब्या कुठे ओतावा? तू माझ्या तुळशीला घातलास. त्याच सुमाराला गल्लीत एक-दोन घरी टीव्ही आला. सकाळी चौकात कुणी दिसेनासं झालं. चैत्रात तू पन्हं केलंस, पाट मांडलास, आणि आपण दोघी कडुलिंबाखाली बसून राहिलो. हरणाबाई आली, थोडी टेकली, टीव्हीवर काही लागणार होतं म्हणून गेली. तू पन्ह्याचं पातेलं उचलून घरोघर देत फिरलीस. बाया दारातूनच पेला घेत होत्या, चांगल्या बोलत होत्या. कुणाचं काही चुकत नव्हतं.

"आता कोनाले काई लागत नाई वं कमल," परत आल्यावर तू म्हणालीस. "चांगलंच झालं." पातेलं घासायला बसलीस आणि बराच वेळ घासत राहिलीस.

तुझे मालक गेले. रमेशनं माग मोडून विकला, खड्डा बुजवून वर फरशी घातली. त्याला दोष नाही. त्याला मागावर बसून पोट भरता येणार नव्हतं. हिंगण्याची नोकरी चांगली, कंपनीची बस नाक्यावर येते. नंदनवनला त्यानं घर बांधलं आणि तुला घेऊन गेला. इकडच्या घराला कुलूप. माझा अरुण भिलाईला. तो येतो, दिवाळीला येतोच. पण भिंतीच्या पलीकडे कुणी नाही, हे रोज सकाळी नव्यानं कळतं. चहा मांडताना मी अजून जोरात कप आपटते, तुला ऐकू जावा म्हणून.

तू रिक्षा करून यायचीस अधूनमधून. शेवटची आलीस ती होळीनंतर. ओट्यावर बसलीस, घोट्यांवर सूज होती, मी विचारलं तर उन्हानं म्हणालीस. मी परत तोच मीराचा विषय काढला, काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. तू रागावलीही नाहीस. माझ्याकडे बघून हसलीस.

"तुले भांडाले दुसरं काही भेटत नाई का वं?"

तेवढ्यात रिक्षावाल्यानं घंटी मारली. तू उठलीस. "पुढच्या खेपेले," म्हणालीस आणि गेलीस.

तू गेल्याचा निरोप मला दुपारी कळला. रमेशच्या कारखान्यातला एक मुलगा मोटरसायकलवर आला, दारातच बोलला आणि पुढे दुसऱ्यांना सांगायला गेला. मला रिक्षा मिळेपर्यंत वेळ झाला. मी पोचले तेव्हा पुरुष तुला घेऊन निघून गेले होते. बायांनी घर धुऊन काढलं होतं, फरशी ओली होती. तुझी सून मला बिलगून रडली. मला तुझा चेहरा पाहायला मिळाला नाही, वच्छला. मी तुझ्या खोलीत गेले, पलंगावरची गादीही उचललेली. खिडकीत तुझा चष्मा होता. तो हातात घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत ठेवला.

आता तेरवीनंतरच्या बुधवारचं सांगते. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सकाळी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. एक तरुण पोरगी धापा टाकत आली आणि तुझ्या कुलूप लावलेल्या दाराची कडी वाजवायला लागली. नाल्याकडे नव्या झोपड्या झाल्या आहेत ना, तिकडची. कामासाठी आलेली माणसं. "वच्छलाबाईचं घर हेच ना? त्याईले बोलवा ना. माह्या पोराले हगवण लागली. तिकडच्या बाया म्हनते का त्याच बरं करते."

मी म्हटलं, "वच्छलाबाई गेल्या."

"कुठं गेल्या? कधी येतीन?"

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती तिथेच खाली बसली. मी आत गेले. सकाळचं उकळलेलं पाणी माठाजवळ होतं, ते तांब्यात घेतलं, साखर घेतली, मीठ घेतलं, चव पाहिली आणि तिच्यामागे निघाले.

झोपडीत सासूनं नातू मांडीवर घेतला होता. त्याचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. मी चमचा पुढे केला तर म्हातारीनं माझा हात धरला. "नको बाई. पाजलं का अजून ओकते. आतडी रिकामी राहू द्या." मी नर्सबाईंचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. ती लेकराला छातीशी घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली. सून कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

तू असतीस तर उंबऱ्यावर बसली असतीस. मीही बसले. पण तुझा धीर माझ्यात कुठला! लेकराची मान ढिली पडायला लागली होती. आणि मी बोलले, वच्छला. मीराचं नाव घेतलं. रिक्षा सांगितली, ऊन सांगितलं, माझ्या मांडीवरून ती तुझ्याकडे बघून काय मागत होती ते सांगितलं, दवाखान्याचं फाटक सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या तोंडून बाहेर पडत होतं.

म्हातारी वळली. "कोनाची पोरगी?"

"ज्याईले बोलवाले तुमची सून आली होती, त्याईची."

मग तिनं माझ्या हातून चमचा घेतला आणि स्वतः लेकराच्या ओठाला लावला. पहिल्यांदा त्यानं ओकलं. ती थांबली, परत लावला. मग आम्ही रिक्षा केली आणि दवाखान्यापर्यंत सारा रस्ता ती त्याला चमच्या-चमच्यानं पाजत राहिली. मी तांब्या धरून बसले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बरं केलं, पाणी चालू ठेवलंत.

मी तुला विचारलं नाही. विचारायला तू नव्हतीस. असतीस तर तू नाहीच म्हटलं असतंस आणि मी ऐकलं असतं. त्या लेकराकडे पाहिलं की मला वाटतं, केलं ते ठीक केलं. घरी आले आणि भिंतीसमोर बसले, तेव्हा वाटलं, तुझी एकच वस्तू तू झाकून ठेवायला दिली होतीस आणि मी ती उघडली. दोन्ही वाटतं. तू चिडून आठ दिवस बोलली नसतीस तर मला त्यातही बरं वाटलं असतं, कारण नवव्या दिवशी तू आली असतीस.

आज दुपारी ती पोरगी आली. लेकरू कडेवर, डोळ्यांत काजळ, हातात बिस्कीट. ती म्हणाली, "सासूनं पाठवलं. पाया पडून ये म्हने." मी तिला पाया पडू दिलं नाही. चहा मांडला. तू गेल्यापासून माझ्या घरात दुसरा कप निघाला नव्हता. ती संकोचानं भिंतीला टेकून बसली. लेकरू घरभर रांगत फिरलं, पलंगाखाली गेलं, स्वयंपाकघरात डोकावलं, परत आलं. तिची नजर त्याच्यामागे सगळीकडे फिरली.

"घरात कोनी दिसत नाई," ती म्हणाली. "तुमी एकल्याच राहता का?"

मी कपाकडे बघत होते. अरुणचं सांगणार होते, भिलाईचं, दिवाळीचं.

"हो," मी म्हटलं. "एकलीच राहतो."